खंडाळ्याच्या लिलावातला रेनकोट

पावसाळ्यात भिजलं तर कुणी नावं ठेवत नाही. पण दिवाळी होऊन गेलेली, आकाश धुतल्यासारखं निळं, आणि अशा सकाळी मास्तरीणबाई वर्गात शिरताहेत त्या पदराच्या टोकापासून ठिबकत, म्हटल्यावर कार्ल्याच्या शाळेतल्या मुली तोंडावर हात ठेवून हसणारच. अरुंधती दामले त्यांच्यावर रागवायची नाही. ती पदर पिळायची, खुर्चीवर न बसता उभ्यानंच हजेरी घ्यायची आणि मधेच सणसणीत शिंकायची.

राहायला ती लोणावळ्यात, वडिलांजवळ. नोकरी कार्ल्याला, सकाळच्या शाळेत. दोन्हींच्या मधे पुण्याकडे जाणारा रस्ता आणि त्या रस्त्यावर अरुंधतीची सायकल. ती तिनं मिशनमधल्या एका नर्सकडून जुनी विकत घेतली होती. पहिल्या वर्षी लोक वळून वळून बघत, दुसऱ्या वर्षी बघायचे थांबले. सायकलीचा प्रश्न नव्हताच. प्रश्न होता धुक्याचा. थंडी सुरू झाली की इंद्रायणीवरून धुकं उठायचं आणि वलवण ओलांडलं की थेट रस्त्यावर येऊन बसायचं. दोन्ही बाजूंच्या झाडांवरून दव असं गळायचं, की वर कुणीतरी घागर कलती करून बसलंय असं वाटावं. त्यात त्या साली पावसाला परतायची आठवणच राहिली नव्हती. मार्गशीर्ष तोंडावर आला तरी मधेच एखादी सर यायची.

अरुंधतीचे वडील चिंतामणराव रेल्वेत गार्ड होते, आता निवृत्त झाले होते. त्यांनी पेटीतून आपला गार्डाचा कोट काढला.

"घाटात बारा महिने घातलाय मी हा. याच्यासारखा कोट नाही."

कोट चांगलाच होता. फक्त तो गाडीच्या डब्यात बसून घालायचा कोट होता. उघड्यावर तो दव प्यायला लागला की थांबेचना. कार्ल्याला पोचेपर्यंत म्हशीचं पारडू पाठीवर घेतल्यासारखं व्हायचं, आणि वाळायला दोन दिवस लागायचे.

मग कार्ला फाट्यावर चहाचं दुकान चालवणाऱ्या कस्तुराबाईंनी आपलं इरलं दिलं. "बाई, भात लावताना आमी ह्येच घेतो. थेंब आत यायचा न्हाई," त्या म्हणाल्या. भात लावताना माणूस एका जागी वाकलेलं असतं. अरुंधती उतारावर सुटली, समोरून वारा आला आणि इरल्यानं उडायचं ठरवलं. ते तिला सायकलीसकट वर घेऊन निघालं होतं, पण वरसोलीच्या वळणावर बेत बदलून त्यानं तिला चरात उतरवलं. लागलं काही नाही. इरलं मात्र शेतात सापडलं, चांगलं लांब.

तिसरा प्रयोग टेबलावरच्या मेणकापडाचा. बाजारातल्या महिपती शिंप्यानं लाल गुलाबांच्या छापाचं मेणकापड घेऊन त्याचा झगा शिवला. थंडीनं तो पापडासारखा कडक व्हायचा आणि पायडल मारताना असा कर्र कर्र वाजायचा, की रस्त्यातली गुरं कान टवकारायची. बाहेरचं दव आत यायचं नाही हे खरं, पण आतला घामही बाहेर जायचा नाही. अरुंधती पूर्वीइतकीच भिजायची, फक्त आतून. आठवड्याभरात कोपरांवर त्याला भेगा पडल्या.

दुकानात रबरी रेनकोट मिळत होते. पण लढाईनं रबराचे भाव असे चढवले होते, की तिनं कोटाला नुसता हात लावला, किंमत ऐकली आणि हात काढून घेतला.

"मला फार नकोय हो, अण्णा," संध्याकाळी ओसरीवर बसून ती म्हणाली. "पाणी आत यायला नको, घाम आत राहायला नको, घोळ चाकात जायला नको आणि माझ्या पगारात बसायला हवा. बस्स."

चिंतामणरावांनी चहाची बशी खाली ठेवली. "चार गोष्टी? चार गोष्टींचा जावई मिळत नाही म्हणून मी चार वर्षं थांबलोय, आणि तू कोट शोधतेस!"

त्या वेळी अरुंधती सव्वीस वर्षांची होती. जावयाचा विषय निघाला की ती कंदिलाची काच पुसायला उठायची. तशी उठली.

त्याच आठवड्यात खबर आली, की खंडाळ्याला एका बंगल्यातली साहेबाची विधवा विलायतेला परत चालली आहे आणि सामानाचा लिलाव आहे. अरुंधती रविवारी सायकल हाणत खंडाळ्याला गेली. बंगल्याच्या हिरवळीवर खुर्च्या, पलंग, चिनी मातीची भांडी, शिंगं लावलेली सांबराची डोकी असा सगळा संसार मांडला होता. आणि एका दोरीवर, चादरींच्या आणि पडद्यांच्या मधे, तो लटकत होता.

खाकी रंगाचा, घट्ट विणीच्या सुती कापडाचा, गुडघ्याच्या जरा वर येणारा कोट. आत पातळ अस्तर. कमरेला पट्टा. काखेत हवा जायला भोकं. गळ्याशी झाकणपट्टी लावून बंद होणारी कॉलर. साहेब बहुतेक सायकलीवरूनच हिंडत असावा, कारण मागचा घोळ मधोमध चिरलेला होता आणि सायकलीच्या सीटच्या दोन्हीकडे पडेल असा बेतलेला होता.

अरुंधतीनं बंगल्याच्या माळ्याकडून तांब्याभर पाणी मागून घेतलं. कोटाची बाही ओंजळीसारखी धरली आणि त्यात पाणी ओतलं. पाणी पाऱ्यासारखं गोळा होऊन बसलं.

"खालून बघा," समोरून कुणीतरी म्हणालं. "थेंब लागला तर शिवणीशी लागेल, कापडातून नाही."

बोलणारा उंच, किडकिडीत, काळी टोपी घातलेला माणूस होता. त्यानं खाली वाकून शिवण पाहिली. "कोरडी आहे. आता खांदा बघू. खांदा पहिल्यांदा जातो."

दोघांनी मिळून खांदा बघितला. मग कॉलर बघितली. मग त्यानं कापड तोंडाशी धरून फुंकून पाहिलं आणि म्हणाला, "श्वास जातोय. घाम धरणार नाही." मेणकापडाचा झगा सोसलेल्या अरुंधतीला त्या क्षणी हा मनुष्य फार समजूतदार वाटला. एका बटणाचा दोरा सैल आहे एवढंच काय ते वैगुण्य दोघांना सापडलं, आणि ते दोघंही खूष होऊन आपापल्या जागी जाऊन बसले.

लिलाववाल्यानं कोट उचलला तेव्हा तिनं बोली दिली. लगेच त्या उंच माणसानं दिली. ती चमकली. तिनं पुन्हा वाढवली. त्यानं पुन्हा. दोघं एकमेकांकडे रागानं बघत होते, कारण दोघांनाही आपली फसवणूक झाली असं वाटत होतं. तेवढ्यात मागून एका हॉटेलवाल्यानं आरामात आवाज दिला. त्याला तो कोट फाटकावरच्या रखवालदाराला हवा होता.

उंच माणूस दोन खुर्च्या ओलांडून तिच्याजवळ आला. "बाई, आपण भांडतोय आणि कोट जाणार रखवालदाराच्या अंगावर. तुम्हाला कधी लागतो?"

"रोज सकाळी. लोणावळ्याहून कार्ल्याला जाताना. परत येते तेव्हा ऊन असतं."

"मला संध्याकाळी, कार्ल्याहून लोणावळ्याला येताना. जातो तेव्हा ऊन असतं."

लिलाववाला "एकवार" म्हणाला.

"निम्मे तुमचे, निम्मे माझे," उंच माणूस म्हणाला.

"दोनवार!"

अरुंधतीनं हात वर केला.

त्याचं नाव त्र्यंबक आगाशे. लोणावळ्यातल्या एका डॉक्टरांकडे तो कंपाउंडर होता. डॉक्टरांनी कार्ल्याला दुपारचा दवाखाना काढला होता, तिथं तो सायकलीवरून जायचा. लोणावळ्याच्या दवाखान्यामागच्या खोलीत एकटा राहायचा, आई तळेगावला. एवढी माहिती खंडाळ्याहून परत येताना मिळाली, कारण दोघांची वाट एकच होती आणि कोट कुणाच्या कॅरिअरला बांधायचा यावर बोलता बोलता बाकीचं निघालं.

व्यवस्था साधी ठरली. सकाळी अरुंधती कोट घालून कार्ल्याला जाई आणि परतताना तो फाट्यावर कस्तुराबाईंच्या दुकानात खुंटीला अडकवी. दिवेलागणीला त्र्यंबक तो घाली आणि लोणावळ्याला दामल्यांच्या ओसरीवर पोचता करी. तिथं चिंतामणराव बसलेलेच असत. पहिल्या दिवशी त्यांनी "ठेवा तिथं" म्हटलं. दुसऱ्या दिवशी "बसा" म्हटलं. तिसऱ्या दिवशी आतल्या बाजूला वळून "अगं, दोन कप टाक" म्हटलं आणि त्र्यंबकला बोगद्यात अडकलेल्या मालगाडीची हकिकत सांगायला घेतली. अरुंधती चहा आणून ठेवायची आणि आत जायची. पण आतल्या खोलीचं दार ती लावायची नाही.

खरं बोलणं व्हायचं ते कस्तुराबाईंच्या मार्फत.

"मावशी, त्यांना म्हणावं कोटाला फिनेलचा वास येतो. मुली विचारतात, बाई, तुम्ही आजारी आहात का?"

कस्तुराबाई संध्याकाळी निरोप पोचवत, आपली भर घालून. दुसऱ्या दिवशी उत्तर तयार असे. "कंपौंडर म्हनलं, वासाचं बगतो. पर तुमी खिशात खडू ठिवता त्येचं काय? त्येंनी औषदाच्या बाटलीवर हात लावला तं बाटली पांढरी झाली म्हनं. आन् बाई, खरं सांगू का? मला तुमच्या दोगांच्या भांडनाची लय गंमत वाटतिया. म्हातारा आन् मी चाळीस वर्सं भांडतूय, पर कोटावरनं कदी न्हाई."

मग कोटाला फिनेलचा वास यायचा थांबला. खिशात खडू राहिला, पण तो कागदात गुंडाळलेला. एकदा त्या खिशात अरुंधतीला चिक्कीचा तुकडा सापडला. चुकून राहिला असेल म्हणून तिनं तो तसाच ठेवला. दुसऱ्या दिवशी दोन सापडले, तेव्हा चूक नाही हे तिच्या लक्षात आलं. तिनं ते चढावर तोंडात टाकले आणि निरोप धाडला, की दाणे जरा जास्त भाजलेत.

दुपारी मात्र दोघांची गाठ पडायचीच. ती परत निघालेली, तो कार्ल्याकडे निघालेला. वरसोलीच्या अलीकडे-पलीकडे कुठंतरी दोन सायकली एकमेकींना ओलांडायच्या. ती घंटी वाजवायची, तो टोपीला हात लावायचा. बोलायला थांबणं बरं दिसलं नसतं, आणि थांबायचं कारणही नव्हतं. तरी वरसोली जवळ आली, की ती कपाळावरचे केस मागे सारायची.

पौषात एक दिवस सकाळपासूनच पाऊस लागला. अवकाळी, थंड, वाऱ्याबरोबर आडवा येणारा. अरुंधतीनं त्या दिवशी कोटाला मनोमन दुवा दिला. शाळा सुटल्यावर ती फाट्यावर आली तर दुकानाची चूल थंड. मागच्या घरातून माणसांचा आवाज येत होता. कस्तुराबाईंचे यजमान रखमाजी तीन-चार दिवस खोकत होते, हे तिला माहीत होतं. ते एवढ्यावर आलंय हे माहीत नव्हतं. आत डॉक्टर उशाशी बसले होते आणि रखमाजी भात्यासारखा श्वास घेत होते.

"फुफ्फुसाला सूज आहे," डॉक्टर हलक्या आवाजात म्हणाले. "सकाळीच लोणावळ्याकडे जाणाऱ्या एका मोटारीच्या ड्रायव्हरबरोबर त्र्यंबकला चिठ्ठी पाठवली. नव्या औषधाच्या पुड्या घेऊन तो एव्हाना यायला हवा होता. औषध लवकर पोटात गेलं पाहिजे."

कस्तुराबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. एरवी तोंडाचा पट्टा चालू असणारी ती बाई पदराचं टोक नुसतं पिळत होती. अरुंधतीला ते बघवेना.

"मी बघते कुठंपर्यंत आलेत," ती म्हणाली आणि कोटाचा पट्टा आवळून पुन्हा रस्त्याला लागली.

वारा तोंडावर होता. डोळ्यांत पाणी जात होतं, साडीचा घोळ तिनं कमरेला खोचला होता आणि चाकाखालचा रस्ता नुसता वाहत होता. दोनदा तिला वाटलं, तो लोणावळ्याहून निघालाच नसेल. मग वाटलं, छे, तो निघाला असणार. वलवणच्या अलीकडे झाडाखाली तिला तो दिसला. सायकल आडवी पडली होती. तो दगडावर बसला होता, अंगात नुसता सदरा, आणि स्वतःचा काळा कोट काढून त्यानं छातीशी धरलेल्या लाकडी पेटीभोवती गुंडाळला होता. टोपीचा पार लगदा झाला होता.

"साखळी तुटली," तो म्हणाला. दात वाजत होते. "पडलो. पाय टाकवत नाही. दोन गाड्या गेल्या, थांबल्या नाहीत. पुड्या कागदाच्या आहेत, ओल्या झाल्या तर संपलं."

"द्या इकडं."

"तुम्ही एकट्या..."

"मग तुम्ही येता का, त्या पायावर?"

त्यानं पेटी दिली. ती तिनं कोटाच्या आत पोटाशी धरली, वरून बटणं लावली आणि पट्टा गच्च बांधला. ती पोटुशी बाईसारखी अवघडली. मग त्याच्याकडे बघून तिची पावलं अडली. तो निळा पडत चालला होता.

"रखमाजींना श्वास लागलाय ना?" तो म्हणाला. "मग उभ्या का? जा!"

परतीच्या वाटेवर वारा पाठीशी होता. अरुंधतीनं आयुष्यात कधी तशी सायकल हाणली नव्हती. मधेच एक बैलगाडी भेटली, गाडीवान पोतं डोक्यावर घेऊन बसलेला. न थांबता ती ओरडली, "दादा, पुढं झाडाखाली कंपाउंडर पडलेत! त्यांना कार्ल्याला घेऊन या! सोडू नका हं त्यांना!" आणि गाडीवान हो म्हणाला की नाही, हे कळायच्या आत ती पुढं गेलेली होती.

डॉक्टरांनी पेटी उघडली. आतला कागद करकरीत कोरडा होता.

बऱ्याच वेळानं बैलगाडी आली. त्र्यंबकला दोघांनी धरून आत आणलं. कस्तुराबाईंनी एव्हाना चूल पेटवली होती. त्यांनी त्याला चुलीपुढं बसवलं आणि रखमाजींचं घोंगडं त्याच्या अंगावर टाकलं.

"दिलं का औषध?" त्यानं विचारलं.

"दिलं," अरुंधती म्हणाली. आणखी काही बोलायचं तिच्या मनात होतं, पण तिला एकदम शिंक आली, आणि त्यालाही आली. कस्तुराबाई सकाळपासून पहिल्यांदा हसल्या आणि हसता हसता रडायला लागल्या.

रखमाजी वाचले. दोन दिवसांनी ताप उतरला आणि चौथ्या दिवशी त्यांनी भाकरी पातळ झालीय म्हणून तक्रार केली. अंथरूण धरलं ते त्र्यंबकनं. पायाला पट्टी, वर ताप, आणि डॉक्टरांची सक्त ताकीद. कोट आता सकाळ-संध्याकाळ अरुंधतीचाच होता. तिला त्याचं काही सुख वाटेना. दुपारी वरसोलीपाशी ती घंटी वाजवायला जायची आणि समोर कुणी नसायचं. खिशात खडूशिवाय काही नसायचं. संध्याकाळी अण्णा ओसरीवर बसून एकटेच चहा प्यायचे, मालगाड्यांच्या हकिकती मनातल्या मनात ठेवून.

"अरू," एका रविवारी ते म्हणाले, "आपण त्याला बघून येऊ. मला एकट्यालाही जाता येईल म्हणा."

"मी येते ना," अरुंधती म्हणाली आणि अण्णांच्या चपला आधी पुढं केल्या.

खोलीत एक खाट, एक स्टूल आणि खिडकीत पुस्तकांची चळत होती. चिंतामणराव दोन मिनिटं बसले, मग "डॉक्टरांना भेटून येतो" म्हणून उठले. डॉक्टर रविवारी पुण्याला जातात, हे त्यांना चांगलं माहीत होतं.

त्र्यंबक बऱ्यापैकी रोडला होता. "आई येऊन गेली परवा," तो म्हणाला. "तिला कोटाची सगळी गोष्ट सांगितली."

"काय म्हणाल्या?"

"तिनं विचारलं, कोट कुणाच्या मापाचा आहे? मी म्हटलं, त्यांना खांद्यात मोठा होतो, मला हातात आखूड." तो खिडकीबाहेर बघून पुन्हा इकडं वळला. "मग तिनं विचारलं, बाई कशा आहेत? मी म्हटलं, पावसात मला झाडाखाली टाकून गेल्या, आणि तेव्हापासून दुसरं काही सुचत नाही."

अरुंधतीला हसू फुटलं, आणि डोळ्यांतही काहीतरी आलं. "मी नोकरी सोडणार नाही," ती म्हणाली. "सायकलही नाही."

"सायकल सोडा असं मी कशाला म्हणेन? या पायानं यापुढं घाईच्या कामाला तुम्हालाच पाठवावं लागणार."

"आणि अण्णा एकटे आहेत."

"त्यांच्या मालगाडीची गोष्ट अजून अर्धी राहिलीय. ती ऐकायला मी रोज येणारच आहे."

तिनं उशाशी पडलेलं मोसंबं उचलून सोलायला घेतलं, आणि अर्धं त्याच्या हातावर ठेवलं.

माघात, पाय बरा झाल्यावर, दोघं तळेगावला निघाले, त्याच्या आईला भेटायला. चिंतामणराव आदल्याच दिवशी आगगाडीनं पुढं गेले होते. ऊन कोवळं होतं, रस्ता कोरडा ठणठणीत, शेतातली भातं केव्हाच काढून झाली होती. कार्ला फाट्यावर रखमाजी दुकानापुढं ऊन खात बसले होते. कस्तुराबाईंनी दोघांना अडवून चहा पाजला आणि वालाच्या उकडलेल्या शेंगांची पुरचुंडी अरुंधतीच्या पिशवीत कोंबली.

"सासूबाईंना द्या. म्हनावं, कार्ल्याच्या कस्तुराबाईनं दिल्या. आन् लगीन कुटं बी करा, जेवान हितं झालं पायजे. न्हाई म्हनायचं न्हाई!"

"नाही म्हणतोय कोण?" त्र्यंबक म्हणाला.

पुढं उतार लागला. वारा अरुंधतीच्या कानांत शिरला, तिनं पायडल मारायचं सोडून सायकल मोकळी सोडली. मागं त्र्यंबक दुखऱ्या पायाला सांभाळत, ब्रेक दाबत येत होता.

"अहो, जरा हळू!" तो ओरडला.

"वडगावला थांबते!" तिनं मान न वळवता सांगितलं, आणि सायकल खाली सुटली.